माझा वर्ग मला परत देणाऱ्या राऊतबाई

राऊतबाईंची आणि माझी पहिली भेट आठवीच्या वर्गाच्या दारात झाली. मी आत जात नव्हतो आणि बाई आत यायला निघाल्या होत्या. वडिलांची बदली झाल्यामुळे आम्ही नुकतेच साताऱ्याकडून येऊन वसईतल्या माणिकपूरला बिऱ्हाड केलं होतं, आणि नव्या शाळेतला माझा पहिलाच तास नेमका गणिताचा निघाला होता. गणित म्हटलं की माझी पाचावर धारण बसायची. म्हणून चपलेचा अंगठा तुटल्याचं सोंग करून मी दाराशी वाकून उभा होतो.

"चप्पल तुटली का रे?" बाईंनी विचारलं.

"हो, बाई."

बाईंनी चष्मा नाकावर सरकवून खाली पाहिलं. "चप्पल तर धडधाकट आहे. पाय आजारी दिसतोय."

सगळा वर्ग हसला. मला वाटलं, झालं, पहिल्याच दिवशी आपली शोभा झाली. पण बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "मागं जाऊन बस. आज तुला काही विचारणार नाही. उद्याचं उद्या बघू." आणि खरोखरच तासभर त्यांनी मला काही विचारलं नाही. गणिताच्या तासाला घाम न फुटता बसण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ होती.

आदरणीय श्रीमती कुमुद राऊत, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या राऊतबाई, या वर्षी पंचाहत्तरी पूर्ण करत आहेत. त्यानिमित्तानं निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लिहावं असं संपादक मंडळानं कळवलं, तेव्हा परवानगी घ्यायला मी वसईतच पापडीला बाईंच्या घरी गेलो. बाई म्हणाल्या, "लिही, पण आरती ओवाळू नकोस. मी अजून आहे म्हटलं. खोटं लिहिलंस तर फोन करीन." तेव्हा वाचकहो, खाली जे आहे ते बाईंच्या धाकानं लिहिलेलं आहे, आणि म्हणून खरं आहे.

मी विरारच्या एका शाळेत गणित शिकवतो. वाक्य दिसायला साधं आहे. पण एक वर्ष असं आलं होतं, की हे वाक्य कायमचं खोटं पडायची वेळ आली होती. माझ्या हातून गणित जाणार होतं आणि बहुधा नोकरीही. ते गेलं नाही ते बाईंमुळे. मला मुख्यतः तीच हकिगत सांगायची आहे. पण बाई वर्गात काय करायच्या हे आधी सांगितल्याशिवाय ती कळायची नाही.

'उद्याचं उद्या' म्हणालेल्या बाईंनी दुसऱ्या दिवशी मला फळ्याशी बोलावलं. गणित असं होतं: एक वाडी वीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद आहे, तर तिचं क्षेत्रफळ किती? मी चारही बाजूंची बेरीज केली आणि साठ लिहिलं.

"साठ. बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी तिकडं नुसतं पाहिलं. "हसायला काय झालं? उत्तर बरोबरच आहे. फक्त ते या गणिताचं नाही. कुठल्या गणिताचं आहे, ते शिंदे शोधून काढील. तोवर त्या साठला कुणी हात लावायचा नाही."

फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखून त्यांनी माझा साठ तिथं नेऊन बसवला. पुढच्या तासाला मराठीचे सर आले आणि डस्टर उचलून त्याच्याकडे वळले, तर अख्खा वर्ग ओरडला, "सर, नको! बाईंचा आहे!" मधल्या सुट्टीत मी शाळेच्या मागं उभा होतो. शेजारच्या वाडीत एक गृहस्थ कुंपणाच्या काठ्या बांधत बांधत सगळ्या वाडीला फेरी घालत होते. बघता बघता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी शिक्षकांच्या खोलीपर्यंत पळत गेलो. "बाई, साठ कुंपणाचे आहेत!"

"हां! आता सांग, नुसतं कुंपण घालून ठेवलंस, तर केळी लावशील कुठं?"

"आत."

"मग आतली जागा मोज की, बाला."

बाई वर्गात शुद्ध पुस्तकी मराठी बोलत. पण मनापासून आनंद झाला की त्यांच्या घरच्या बोलीतला हा 'बाला', म्हणजे 'बाळा', तोंडातून निसटायचा. तो 'बाला' मिळवायला पोरं धडपडायची. मला तो दुसऱ्याच दिवशी मिळाला आणि माझा जीव भांड्यात पडला.

चुकलेल्या उत्तराचं गणित शोधायचं, ही बाईंच्या वर्गाची रीत होती. फळ्याच्या त्या कोपऱ्याला आम्ही 'धर्मशाळा' म्हणायचो. वाट चुकलेली उत्तरं तिथं मुक्काम करायची आणि सगळा वर्ग मिळून त्यांचं घर हुडकायचा. कधी घर सापडायचं, कधी नाही. एकानं एकदा उत्तर काढलं, पावणेचार माणसं. आम्ही दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी बाई म्हणाल्या, "याला घर नाही. हे उत्तर गणिताचं नाहीच, घाईचं आहे." मग स्वतःच्या हातानं त्यांनी ते पुसलं.

बाई म्हणजे साक्षात शांतीची मूर्ती होत्या असं मात्र कुणी समजू नये. गृहपाठ न करता आलेल्याला "डोकं काय घरी केळीच्या घडाला टांगून आलास?" हे ठरलेलं होतं. अक्षराच्या बाबतीत तर बोलायची सोय नव्हती. फळ्यावर डावीकडे वर सुरू झालेली त्यांची ओळ उजवीकडे पोचेपर्यंत पार खाली उतरलेली असायची. तास संपल्याची घंटा त्यांना कधीच ऐकू यायची नाही. पुढच्या तासाचे सर दाराबाहेर ताटकळत, खाकरत उभे राहायचे आणि बाई आत म्हणत असायच्या, "थांबा रे, आता तर मजा येतेय." हे सगळं मी लिहिणार हे त्यांना ठाऊक आहे. "अक्षराचं लिही, मला चालेल," असं त्यांनीच सांगितलंय.

बाईंच्या माणुसकीची उदाहरणं या ग्रंथात बऱ्याच जणांनी दिली असतील. मी माझ्या डोळ्यांदेखतचं एकच देतो. आमच्या वर्गात पापडीचीच ग्रेटा नावाची मुलगी होती. नववीत ती गणितात सपशेल आपटली, आणि तिच्या वडिलांनी तिला शाळेतून काढायचं ठरवलं. बाई रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर त्यांच्या घरी जायला निघाल्या. वाटेत मी भेटलो, तर मलाही बरोबर घेतलं.

"बाई, पोरीच्या डोक्यात गणित शिरत नाय," ग्रेटाचे वडील म्हणाले. "दहावीला नापासाचा शिक्का बसण्यापेक्षा घरी बसू दे. पुढं नर्सिंगचं काय ते बघू."

"नर्सिंगला गणित नको वाटतं? औषध मोजून देणार, का ओंजळीनं?"

ते गृहस्थ हसले आणि तिथंच हरले. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी चर्चची घंटा झाली की ग्रेटा बाईंच्या ओटीवर हजर व्हायची. बरोबर मीही असायचो, कारण माझाही काही फार उजेड पडलेला नव्हता. गणित सुटलं की बाई घरची सुकेळी हातावर ठेवायच्या. वसईची वाळवलेली राजेळी केळी ज्यांनी खाल्लीत त्यांना कळेल, की त्या एका सुकेळ्यासाठी आम्ही कसली कसली समीकरणं सोडवली असतील. ग्रेटा पास झाली, पुढं नर्स झाली. गेल्या वर्षी बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती स्वतःची ड्युटी संपवून रोज यायची आणि कंबरेवर हात ठेवून म्हणायची, "बाई, कुरकुर नको. उठा. आता माझा तास आहे." बाई निमूट उठायच्या. त्या पुन्हा पूर्वीसारख्या ओटीवरून अंगणात उतरल्या, त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

तर, त्या ओटीवरच मी ठरवलं की आपण गणिताचा शिक्षक व्हायचं. नुसता शिक्षक नाही, अगदी राऊतबाईंसारखा. 'अगदी' या शब्दानंच पुढं माझा घात केला.

बी.एड. करून मी विरारच्या शाळेत लागलो आणि दुसऱ्या वर्षी माझ्याकडे दहावीचं गणित आलं. मी अजून कायम झालेलो नव्हतो. पण मला कसली आलीय काळजी? माझ्या खिशात राऊतबाई होत्या ना! मी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात धर्मशाळा आखली. चष्मा नाकावर सरकवून वरून बघू लागलो. घंटा झाली तरी "थांबा रे, आता तर मजा येतेय" म्हणू लागलो. गृहपाठ न करणाऱ्याला बाईंच्याच सुरात विचारलं, "डोकं काय केळीच्या घडाला टांगून आलास?"

पोरगा भाबडेपणानं म्हणाला, "सर, आम्ही सातव्या माळ्यावर राहतो. केळी डझनावर येतात."

एवढ्यावर शहाणं व्हावं की नाही माणसानं? छे! मी एकाला 'बाला' म्हणालो. साताऱ्याकडच्या माणसाच्या तोंडून आलेला तो 'बाला' ऐकून पोरं आठवडाभर एकमेकांना तशी हाक मारून खिदळत होती. आणि कहर म्हणजे, मला चांगली सरळ ओळ लिहिता येत असून माझी फळ्यावरची ओळ उतरायला लागली. हे मी मुद्दाम करत नव्हतो, देवाशपथ. हातच तसा वळायला लागला होता.

धर्मशाळेचं तर पार मातेरं झालं. बाईंच्या वर्गात चुकलेल्या उत्तराला मान मिळायचा, तो शोधायच्या ओढीनं. इथल्या पोरांना कळलं, की वेडंवाकडं उत्तर दिलं की तास मस्त जातो. मग काय, जो तो चुकायला पुढं! अभ्यासक्रम मागं पडला. सहामाहीत वर्ग धडाधड आपटला. पालकसभेत एक आई उठून उभ्या राहिल्या. "सर, चुकलं तर सरळ चूक म्हणा ना. आमची पोरगी घरी येऊन बोलते, माझं आन्सर राइट आहे, फक्त सवाल राँग आहे." सभा हसली. मीही हसलो, पण माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं. त्या सज्जन होत्या, आवाज चढवला नाही. "शिंदे सर, तुमची तळमळ दिसते. पण दहावीची पोरं आहेत. महिनाभर वाट बघते. फरक पडला नाही तर वर्ग दुसऱ्यांना द्यावा लागेल. आणि तुम्हाला कायम करायचं की नाही, हेही मला तेव्हाच संस्थेला कळवायचं आहे."

मी तडक पापडी गाठली. ओटीवर बसून बाईंना सगळं सांगितलं. म्हटलं, "बाई, मी तर सगळं तुमच्यासारखंच करतोय हो. तरी पोरांना येत का नाही?"

बाई म्हणाल्या, "मी येते."

"कुठं?"

"तुझ्या वर्गात. मागं बसेन. तुझ्या मुख्याध्यापिकांना विचारून ठेव."

बाई रिक्षा करून खरोखरच विरारला आल्या. तेव्हाच त्यांचे गुडघे दुखत होते, तरी कठड्याला धरून जिने चढल्या आणि शेवटच्या बाकावर दोन पोरींच्या मधे जाऊन बसल्या. मला वाटलं, आज आपलं सगळं कसब दाखवायचं. त्या दिवशी मी जितका राऊतबाई झालो, तितक्या स्वतः राऊतबाई कधी झाल्या नसतील.

गणित वयाचं होतं. आई आज मुलाच्या तिप्पट वयाची आहे. बारा वर्षांनी ती त्याच्या दुप्पट वयाची होईल. तर आज दोघांची वयं किती? नेहा नावाच्या मुलीला फळ्याशी बोलावलं. तिनं आईच्या वयात बारा मिळवले, मुलाच्या वयात मिळवायचं विसरली, आणि मुलाचं वय काढलं, उणे बारा.

"छान!" मी चष्म्यावरून बघत म्हणालो. "उत्तर बरोबर आहे. कुठल्या गणिताचं आहे?"

"भुताच्या!" मागून आवाज आला.

"सर, बच्चा अभी पैदाच नाय झाला!"

वर्ग हसत सुटला. नेहाचे डोळे भरून आले. मी ते उणे बारा धर्मशाळेत नेऊन ठेवतोय, तेवढ्यात वीज गेली. पंखे थांबले, गलका झाला. आता उकाड्यात कसलं काय शिकवणार? मी खडू ठेवला आणि नेहाच्या बाकावर जाऊन बसलो.

"घरी कोण कोण असतं ग तुझ्या?"

"मम्मी आणि छोटा भाऊ."

"बारा वर्षांनी मम्मी कशी असेल?"

"बुड्ढी होणार," ती नाक ओढत म्हणाली.

"आणि भाऊ?"

"भाऊ..." ती थांबली. मग एकदम कपाळावर हात मारून ओरडली, "अरे! सर, तो पण मोठा होणार ना! मी तर त्याला तेवढाच ठेवला!"

तिनं भराभर लिहिलं. मुलगा बारा वर्षांचा, आई छत्तीस. शेजारच्या तिघी वाकून बघत होत्या, त्यांचंही झालं. वीज आली. मी लगबगीनं फळ्याशी गेलो, चष्मा पुन्हा नाकावर सरकवला आणि बाईंसारखं शिकवायला लागलो.

तासानंतर बाईंना शाळेसमोर चहा प्यायला नेलं. त्यांनी दोन घोट घेतले. मग त्यांनी विचारलं, "वर्ग कुणाचा होता?"

"माझा, बाई."

"मग तू कुठं होतास? मला तर तिथं मीच दिसले. आणि खरं सांगू? मी काही बरी दिसत नव्हते."

मी मान खाली घातली. बाईंनी माझ्या ताटलीतलं बिस्कीट माझ्याच हातात दिलं. "फक्त वीज गेली तेव्हा तू आलास. त्या पोरीशेजारी बसलास, तेवढा वेळ तू शिकवत होतास. तिला बोलतं केलंस. तिचं गणित तिच्या तोंडून तिलाच ऐकवलंस. अरे, हे मला कधी जमलं नाही. मला ऐकायला कुठं यायचं? मी आपली बोलतच सुटायचे."

"पण बाई, मी तुमचं बघूनच शिक्षक झालो. तुमचं सोडून काय करू?"

तेव्हा बाईंनी जे सांगितलं, ते त्यांनी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. ते इथं लिहायची परवानगी मी मुद्दाम मागून घेतली आहे.

"माझेही एक गुरुजी होते," बाई म्हणाल्या. "गणितात देवमाणूस. हातात कायम पट्टी असायची. मारत फारसे नसत, पण टेबलावर अशी आपटत की वर्ग चिडीचूप. त्यांच्यामुळं मी गणिताची शिक्षिका झाले. नोकरी लागल्यावर पहिली वस्तू विकत घेतली, ती पट्टी. बरीच वर्षं मी ती आपटली. त्यांच्या हातात ती शोभायची, माझ्या हातात पोरं नुसती दचकायची. एक मुलगी तर माझा तास असला की शाळेला येईना. मला वाटायचं, आपण शिक्षकच व्हायला नको होतं. राजीनामा लिहून ठेवला होता. एके दिवशी पट्टी घरी विसरले. त्या दिवशी एकानं चुकीचं उत्तर दिलं आणि आपटायला हातात काही नाही, म्हणून मी नुसती त्या उत्तराकडं बघत बसले. बघता बघता कळलं, की अरेच्चा, हे तर दुसऱ्याच गणिताचं उत्तर आहे."

चहा निवला होता. बाईंनी तो तसाच घोटभर घेतला.

"मला सांगायला कुणी आलं नाही रे. मी सापडले ती अशी, चुकून. तू चुकून सापडायची वाट कशाला बघायची? म्हणून आले."

मी विचारलं, "मग तुमचं मी घ्यायचं तरी काय?"

"पोरावर चिडायच्या आधी, त्याला काय दिसलं असेल ते बघायचं. माझं म्हणून एवढंच आहे. ते घे. बाकी सगळं पापडीला परत पाठवून दे. माझं अक्षर तर आधी."

खरं म्हणजे एवढं ऐकल्यावर माणसानं खचायला हवं. पण माझ्या छातीवरची धोंड कुणीतरी उचलून बाजूला ठेवली असं मला वाटलं. इतके दिवस मी दोन माणसांचं वजन घेऊन वर्गात जात होतो. त्यातलं एक उतरलं. रिक्षात बसवताना मी बाईंच्या पाया पडलो, तर म्हणाल्या, "पाया नंतर पड. आधी पोरांना पास कर."

दुसऱ्या दिवशी मी धर्मशाळा पुसली. पोरांना सांगितलं, आजपासून एकच नियम. गणित आधी शेजाऱ्याला बोलून दाखवायचं, मग पेन उचलायचं. मराठीत बोला, हिंदीत बोला, घरात जे बोलता ते बोला. मी बाकाबाकांवरून फिरून ऐकणार. वर्गात असा कलकलाट सुरू झाला की मुख्याध्यापिका दोनदा दाराशी डोकावून गेल्या. पण त्या कलकलाटात मला ऐकू यायला लागलं, की कोण कुठं अडतंय. कुणाला 'पेक्षा' कळत नव्हतं, कुणाला 'अनुक्रमे'. गणित बऱ्याच जणांना येत होतं. गणिताचं बोलणं येत नव्हतं. मी स्वतः परगावाहून आलेला पोरगा. कळलेलं दुसऱ्याला सांगून बघितल्याशिवाय मलाच कधी काही समजलं नव्हतं. हे इतकं उघड होतं, आणि मी ते बाजूला सारून केळीच्या घडाच्या मागं लागलो होतो!

महिन्याच्या शेवटी चाचणी झाली. मुख्याध्यापिकांनी पेपर चाळले, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "दहावी तुमच्याकडेच राहू दे, सर. फक्त आवाज जरा कमी." जून उजाडला, निकाल लागला आणि वर्ग तरला. नेहा तर चांगल्या मार्कांनी तरली. पाठोपाठ मी कायम झाल्याचं पत्र आलं. मी शाळेच्या जिन्यातूनच बाईंना फोन लावला.

पलीकडून आधी आला तो एक लांबलचक "हुश्श!"

मग बाई म्हणाल्या, "शिंदे, त्या दिवशी विरारहून आले ती रात्री जेवले नाही. म्हटलं, आपण हे काय बोलून बसलो? पोराचं सगळं काढून घेतलं आणि हाती काही दिलं नाही. हा नोकरी सोडून गेला तर त्याचं पाप माझ्या डोक्यावर. तेव्हापासून रोज वाटायचं, फोन करावा. पण तू सापडत असशील तर मधे कशाला तोंड घालायचं, म्हणून गप्प बसले. जूनपर्यंत गप्प बसणं मला किती जड गेलं, ते माझं मला ठाऊक." मी जिन्यातच बसलो. पोरं वरखाली करत होती आणि सरांना काय झालं म्हणून बघत होती. सरांना काही झालं नव्हतं, सर वाचले होते.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. परवा वसईत एका समारंभात बाई पाहुण्या म्हणून होत्या आणि मी त्यांच्या मागच्या रांगेत बसलो होतो. एका वयस्कर गृहस्थांनी माझ्याकडं बोट दाखवून बाईंना कौतुकानं विचारलं, "हे तुमचे विद्यार्थी ना? आता गणित शिकवतात म्हणे. अगदी तुमच्यासारखंच शिकवत असतील!"

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या. आणि असं म्हणताना त्यांचा चेहरा असा फुलला होता, की ते गृहस्थ गोंधळले. मला आजवर काही प्रमाणपत्रं मिळाली, एकदोन शालीही मिळाल्या. पण 'अजिबात नाही'ची सर कशालाच नाही.

बाई, तुमच्या पंचाहत्तरीला आम्ही तुमच्यासाठी निरोगी, लांबलचक आयुष्य मागतो आहोत, आणि यात आमचा स्वार्थ आहे हे कबूल करून मागतो आहोत. तुमची नक्कल करायला तुम्हीच आम्हाला बंदी घातलीत. आम्ही ती पाळली. त्यामुळं आज तुमच्या हाताखालून गेलेले आम्ही इतके शिक्षक आहोत, पण तुमच्यासारखं शिकवणारा आमच्यात एकही नाही. तेव्हा बाई, तुमच्या जागी तुम्हालाच राहायला लागेल. दुसरं कुणी तयारच केलं नाहीत तुम्ही.